डाव्या पायाचं काय करायचं

आमच्या आत्याला सगळे भिंगरी म्हणतात, अगदी तोंडावर. तिला त्याचा राग येत नाही, कारण राग धरायला माणसाला घटकाभर एका जागी बसावं लागतं. अवघं आयुष्य तिने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवण्यात घालवलं, तेही शेजारच्या सीटवरून. त्या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा गांगरायच्या आत आत्याचे पाय दोन्हीवर पोचलेले असायचे. अजूनही टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला, की सोफ्यावर बसल्या बसल्या तिच्या टाचा जमिनीत रुततात. या शहरात पिवळ्या दिव्याला थांबणारा माणूस दिसला, तर तो बहुतेक तिचा विद्यार्थी असतो. मी नव्हे. मला तिने आठवड्याभरात घरी पाठवलं आणि माझ्या वडिलांना, म्हणजे स्वतःच्या भावाला, सांगितलं की पोरगी हुशार आहे, पण तिचे हातपाय एकमेकांशी बोलत नाहीत. पुढे मी बिनागिअरची गाडी घेतली. तिला आजवर ओरखडा नाही, हे मी आत्याला संधी मिळेल तेव्हा ऐकवते.

मग तिचा डावा गुडघा गेला. पाय टेकवायला, उचलायला हरकत नाही, पण क्लच यापुढे बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. स्कूलमधली नोकरी सुटली. घरची जुनी गाडी खाली कव्हर घालून उभी राहिली. आत्या दिवसातून एकदा कव्हर वर करून बघायची आणि पुन्हा घालायची. घरात ती खिडक्यांच्या काचा पुसायची, पुसलेल्या पुन्हा पुसायची. मला कामावर फोन करून विचारायची की तुमच्याकडे ऊन पडलंय का. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. समोर गाल सुजलेला पेशंट आणि कानाला हिचं ऊन.

आतोबा दुसऱ्या टोकाचे. सकाळी शब्दकोडं घेऊन बसले की दुपारी हलतात. त्यांचं म्हणणं, बस आहे, टॅक्सी आहे, आता कशाला जिवाला घोर. आत्या टॅक्सीत बसली की ड्रायव्हरला आरसा नीट करायला लावते, त्यामुळे कोपऱ्यावरचे टॅक्सीवाले तिला बघून टपावरचा 'रिकामी'चा दिवा बंद करतात. माझ्याही डोक्याचा भुगा झाला होता. शेवटी मीच म्हटलं, क्लच नसलेली गाडी घे. विजेवरची, छोटी, शहरातल्या शहरात चालवायला. ती चालवता आली तर ठीक, नाहीतर स्टिअरिंगमागे बसणं कायमचं संपलं, हे तिलाही कळत होतं. ती पर्स घेऊन दारात जाऊन उभी राहिली.

शोरूममधला टायवाला पोरसवदा होता आणि पाठ केलेलं बोलत होता. बॅटरी, चार्जिंग, पार्किंगचा कॅमेरा. आत्याने तोवर चारही टायर दाबून बघितले. गाडी एवढीशी, की आतोबा आत बसले तर शब्दकोडं बाहेर ठेवावं लागेल. आत्या स्टिअरिंगमागे, टायवाला शेजारी, मी मागे. तिने बटण दाबलं. काही आवाज नाही. पुन्हा दाबलं. टायवाला म्हणाला की मॅडम, पहिल्यांदाच सुरू झाली होती, आता तुम्ही बंद केलीत. मला हसू आलं. आत्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

सरळ रस्त्यावर ती सुरेख चालवत होती. मला वाटलं, झालं काम. पहिलं वळण आलं. वळणाआधी वेग कमी करायचा, गिअर खाली आणायचा, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिच्या तोंडून हळूच 'क्लच' आलं आणि डावा पाय पूर्ण ताकदीने खाली गेला. तिथे क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली. टायवाल्याचा टॅब काचेवर आदळला आणि मागच्या डिलिव्हरी व्हॅनचे ब्रेक किंचाळले. मी मान वळवून बघितलं, तर व्हॅनवाल्याचे आवळलेले दात दिसत होते.

आत्या सॉरी म्हणाली आणि निघाली. पुलाच्या चढावर पुन्हा तेच. या वेळी मागे सायकलवर एक बाई होती. ती कशीबशी कठड्याला टेकून सावरली. टायवाला म्हणत होता, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं, दोन दिवसांत सवय होते. पुलापलीकडे जागा बघून तिने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर बंद केला आणि दार उघडून खाली उतरली.

"नापास," ती म्हणाली.

टायवाल्याला वाटलं, गाडी. तो पुन्हा बॅटरीकडे वळला. आत्या म्हणाली, "गाडी चांगलीय हो. असं चालवणाऱ्याला मी कधी पास केलेलं नाही, मग मला कसं करू?"

परतताना गाडी टायवाल्याने चालवली. आत्या मागे माझ्याजवळ बसली. तिचा डावा पाय रस्ताभर हलत होता आणि ती त्याच्याकडे परक्यासारखी बघत होती.

घरी आतोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." एरवी ती दोन वाक्यांत त्यांना गार करते. त्या दिवशी ती खिडकीच्या काचा पुसायला गेली. आतोबांनाच चैन पडेना. शब्दकोडं उलटं ठेवून ते तिच्यामागे गेले आणि म्हणाले की मी गमतीने म्हटलं.

"अहो, मला घरात बसायची भीती वाटते," ती फडकं न थांबवता म्हणाली. "पाय दुखतो त्याचं काही नाही. दुसरा कोणी नेईल तेव्हाच जायचं, याची भीती वाटते."

त्या रात्री माझी चिडचिड झाली, तिच्यावर नाही, त्या पायावर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण तोवर या बाईने काय करायचं?

पुढचा आठवडा ती घालमेलीत होती. फोन यायचे, पण ऊन पडलंय का हे ती विचारेना. तू निघताना डावा पाय कुठे ठेवतेस, वळताना कुठे असतो, असं विचारायची. मला काय माहीत कुठे असतो. पडलेला असतो बिचारा. तर म्हणे, नीट बघ आणि सांग. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याकडून ड्रायव्हिंगचं काही विचारत होती आणि मला ते मिरवावंसंही वाटेना.

रविवारी तिने मला पुन्हा शोरूममध्ये नेलं. टायवाल्याने आम्हाला बघून टॅब ड्रॉवरमध्ये ठेवला. आत्याने पिशवीतून पांढरी पाटी काढली, त्यावर तांबडं 'एल'. स्कूलमधून मागून आणली होती. ती गाडीच्या मागे लावा म्हणाली. टायवाला अवघडला. शोरूमच्या गाडीला शिकाऊची पाटी बरी दिसणार नाही, शिवाय मॅडमकडे लायसन्स आहे, गरजच काय.

"मागच्याला कळायला नको का? अंतर ठेवून येईल तो," आत्या म्हणाली. पाटी तिने स्वतःच चिकटवली.

मला तिने शेजारी बसवलं. टायवाला मागे गेला आणि मुकाट्याने पट्टा लावला. आधी शोरूममागच्या रिकाम्या आवारात फेऱ्या झाल्या. तिने एकच सांगितलं होतं: मी बोलणार नाही, तू बोलायचंस. मला कुठे शिकवता येतं. मी नुसतं प्रत्येक वळणाआधी "आत्या, पाय" म्हणत राहिले. डावा पाय उठायचा, ती तो मागे ओढून सीटला टेकवायची. फेरीमागून फेरी. कधी पाय जिंकला, कधी ती. तो जिंकला की टायवाल्याचं कपाळ माझ्या सीटवर आपटायचं. बऱ्याच वेळाने पाय निमूट बसला, तेव्हा तिने गेटकडे गाडी वळवली.

मोठ्या रस्त्यावर सिग्नलला शेजारी शहराची बस येऊन थांबली. ड्रायव्हरने खाली बघितलं. त्याने आत्याला ओळखलं. बसवर नोकरीला लागण्याआधी तो तिच्याच हाताखाली शिकला होता. मग त्याने मान लांब करून मागची पाटी बघितली आणि हसू लागला. दरवाज्याशी उभ्या कंडक्टरलाही दाखवलं. आता संध्याकाळपर्यंत डेपोभर होणार.

आत्याचे कान लाल झाले. मला ती काच खाली करून दोन शब्द सुनावेल असं वाटलं. मीच हात काचेच्या बटणाकडे नेला.

"राहू दे. हसू दे त्याला," ती म्हणाली. "दिवा हिरवा झाला, की मला सांग."

दिवा हिरवा झाला. मी म्हटलं, "आत्या, पाय." आणि आम्ही निघालो.