डाव्या काठावरची काठी

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांना थंडी अजिबात सोसत नसे, आणि ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती. नोव्हेंबर उजाडला की एकावर एक दोन स्वेटर, कानटोपी आणि पायात रबरी सपाता अशा थाटात ते तलावाच्या काठावर उभे राहत. हातात बांबूची लांब काठी. बावीस वर्षं हीच पद्धत होती. नवशिक्या पोराच्या हातापुढं वीतभर अंतरावर काठीचं टोक धरायचं आणि काठाकाठानं चालायचं. पोर दमलं तर त्यानं ती धरावी, नाहीतर तिच्या मागं मागं यावं.

तलावाला छत होतं आणि बॉयलरही होता, पण पाणी जेमतेम कोमट व्हायचं. उजव्या बाजूच्या खिडकीची एक काच फुटली होती. तिथं पुठ्ठा लावला होता आणि वारा त्या पुठ्ठ्याला जुमानत नव्हता. डाव्या बाजूनं मात्र बॉयलरचा नळ जाई, त्यामुळं तिकडची फरशी उबदार असे. मास्तर कुठल्या काठानं चालत, हे वेगळं सांगायला नको.

मुलांनी हिवाळ्यात शिकणं सोडू नये, हा त्यांचा एकच हट्ट होता. डिसेंबरात घरी बसलेलं पोर उन्हाळ्यात परत येतं तेव्हा हातपाय मारायचं विसरलेलं नसतं, श्वास घ्यायचं विसरलेलं असतं. आणि विसरलं की पहिल्यापेक्षा जास्त घाबरतं, असं त्यांचं म्हणणं. ते अनुभवाचं होतं. लहानपणी त्यांना स्वतःला आईनं असंच थंडीत घरी बसवलं होतं. पुन्हा पाण्यात पाय घालायला त्यांनी एकोणिसावं वर्ष उजाडू दिलं.

त्या वर्षी नोव्हेंबरात अकरा मुलं होती. एकाला सर्दी झाली, एकाच्या आईला झाली, तिघांना शाळेची परीक्षा आडवी आली. जानेवारीत सहा उरली. व्यवस्थापक रोज सकाळी दारातून डोकं आत घालून मुंडकी मोजायचा.

"सहा आहेत ना? सहाच्या खाली गेलात की मी पाणी सोडून देणार, मास्तर. मग एप्रिलातच भेटू."

"बुडवतो का मी त्यांना रोज एकेक?" मास्तर म्हणत. पण हे व्यवस्थापक गेल्यावर.

सहातली सगळ्यात लहान सात वर्षांची होती. तिला सगळे मुंगी म्हणत. तिचा बाप बस चालवायचा. ड्यूटीवर जायच्या आधी तो तिला घेऊन यायचा आणि काठाच्या बाकावर टॉवेल कोटाच्या आत छातीशी धरून बसायचा, म्हणजे पोर बाहेर येईपर्यंत टॉवेल गरम राहील. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. पाण्याकडं तो असा बघायचा, जसं काही ते कधीही ओव्हरटेक करेल.

"मास्तर, एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "तुम्ही दोन स्वेटर घालून वर, आणि माझी पोरगी चड्डीवर पाण्यात. हा कुठला न्याय?"

"ती हलतेय. मी उभा आहे."

"मग तुम्हीही हला की!"

पोरं फिदीफिदी हसली. मास्तरांनी हसून घेतलं, पण पुढचं ऐकून त्यांचं हसू मावळलं. "महिनाअखेर बघतो. काहीही न धरता या टोकाहून त्या टोकाला गेली तर ठेवतो. नाहीतर तिची आई मला घरात घेणार नाही. पोरगी रात्रभर खोकते."

महिनाअखेरीला तीन आठवडे होते. मुंगी गेली तर पाच उरणार होती.

मास्तर कामाला लागले. भिंत धरून उभं राहिलं की पोरं गारठतात, म्हणून पाळी येईपर्यंत सगळ्यांनी खोल पाण्यात उभ्या उभ्या पायांनी सायकल मारायची असा नेम केला. आणि मुंगीच्या हातापुढून काठी क्षणभर हलवली नाही. दुसऱ्या आठवड्यात ती काठीला हातही न लावता टोकापर्यंत जाऊ लागली. मास्तर घरी गेले ते शीळ घालतच.

"आज काय, पाणी गरम होतं वाटतं?" बायकोनं विचारलं.

"मुंगी येते आता. काठीला शिवत नाही."

"काठी असते ना पण?"

"असते. नुसती असते."

"अहो, मीसुद्धा जिन्याच्या कठड्याला शिवत नाही," बायको कणीक मळता मळता म्हणाली. "काढून बघा."

मास्तरांनी कानटोपी खुंटीला लावली. पण मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी गटार तुंबलं म्हणून बॉयलरवाल्यानं काठी नेली, तेव्हा ते मोकळ्या हातानं डाव्या काठावर उभे राहिले. मुंगीनं भिंत सोडली नाही. ती गेली तर नाहीच, वर म्हणाली, "काठी येऊ दे, मग जाते."

तेवढ्यावर भागलं नाही. मास्तरांनी बाकीच्या पाचांना पोहताना नीट बघितलं आणि त्यांना घाम फुटला. सहाच्या सहा पोरं श्वास घ्यायला डावीकडंच मान वळवत होती. उजवीकडं एकही नाही. अख्खा हिवाळा ती एकाच दिशेनं, काठीकडं बघत पोहली होती, आणि काठी डावीकडं होती; कारण मास्तरांचे पाय तिकडं गरम राहत होते. बावीस वर्षांत ही गोष्ट लक्षात आली नव्हती. उन्हाळ्यात ते दोन्ही काठांनी फिरत असत.

उरलेल्या दिवसांत ते उजव्या काठानं चालले. पोरं गोंधळली, पाणी प्यायली, एकानं सरळ विचारलं, "मास्तर, शिक्षा आहे का?" मुंगी मात्र पुन्हा काठी धरू लागली. होतं ते जाऊन हाती काहीच उरेना.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. मुंगीचा ड्रायव्हर बाप बाकावर बसला. व्यवस्थापकही दारात टेकला. मास्तरांनी काठी कपडे बदलायच्या खोलीत, दाराआड ठेवली. रबरी टायर मात्र हाताशी ठेवला. मग एक स्वेटर काढला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि उजव्या काठावर, मधोमध, बरोबर पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चल, मुंगे."

आज तरी मास्तर पहिल्यासारखे काठी घेऊन डाव्या काठानं येतील अशा भरवशावर ती निघाली. अर्धा तलाव झाला. तिनं डावीकडं मान वळवली. तिथं कुणीच नव्हतं. तिचे हात थांबले. ड्रायव्हर उठून उभा राहिला तसा कोटातला टॉवेल सटकून पाण्यात पडला.

"काठी कुठंय?" मुंगी ओरडली.

"नाही आज काठी."

आवाज उजवीकडून आला तशी ती वळली. "तुम्ही अजून तिकडंच काय करताय? तिकडं वारा येतो ना!"

"येतो की. कुडकुडतोय मी. लवकर ये."

"असं नसतं करायचं! सांगायचं असतं!"

ती चांगलीच भडकली होती. मास्तरांना म्हातारा म्हणाली, लबाड म्हणाली, आणि हे सगळं होईतो खाली तिचे पाय सायकल मारत होते. ते तिला माहीत नव्हतं. मास्तरांना दिसत होतं. टायरवरची त्यांची पकड सैल झाली. ते पुढच्या टोकाकडं चालू लागले. भांडण अर्धवट राहिलं होतं, म्हणून ती त्यांच्या मागं निघाली. उजवीकडं मान वळवून, वेडंवाकडं, पाणी उडवत, पण टोकापर्यंत आली आणि काठ धरून म्हणाली, "लबाड."

"मध्ये थांबली ती," ड्रायव्हर म्हणाला.

"थांबली," मास्तर म्हणाले. "धरलं काय?"

ड्रायव्हरनं पाण्याकडं पाहिलं. तिथं धरण्यासारखा फक्त त्याचा टॉवेल होता आणि तो बुडत चालला होता.

"बाबा, सोमवारी दोन टॉवेल आणा," मुंगी दात वाजवत म्हणाली. "एक पाडायला."

व्यवस्थापकानं डोकी मोजली, सहा भरली, आणि तो निघून गेला.

सोमवारी ड्रायव्हर दोन टॉवेल कोटात कोंबून आला, पण मास्तर नव्हते. त्यांना ताप भरला होता. बायको गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पायाशी सारत म्हणाली, "थंडीत मुलांनी सोडू नये, मास्तरांनी सोडलं तर चालतं वाटतं?"

बुधवारी ते दोन स्वेटर घालून उजव्या काठावर हजर होते.