रेणूजींचा फोन

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण एखादं काम त्याच्यावर सोपवून आपण निवांत बसावं, इतकाही नव्हता. मी उमरखेडच्या शाळेत शिकले. तिथे पाठमोरी उभी राहून हेडमास्तरांच्या आवाजात "बसा खाली!" म्हटलं की अख्खा वर्ग बसायचा, एकदा तर नवीन आलेले मास्तरही बसले. पुढे दिल्लीत त्याच गळ्यावर मी धंदा उभा केला. ज्यांना मूल होत नाही त्यांची डॉक्टरांशी, वकिलांशी गाठ घालून द्यायची, आणि गरज असेल तर त्यांचं बाळ आपल्या पोटात वाढवायला तयार असलेली बाई, म्हणजे सरोगेट, शोधून बाळंतपणापर्यंत तिला सांभाळायचं. तेव्हा कायद्यात हे बसत होतं. मयूर विहारला तळमजल्यावर ऑफिस, वरच्या मजल्यावर सरोगेटची राहायची सोय आणि तिच्या सोबतीला एक आया. बाकी स्टाफ म्हणजे मी. मॅनेजर मी, मॅडम मी, अकाउंट्सचे गुप्ताजीही मीच.

आईला या धंद्याची धास्ती वाटायची. "लोकांची लेकरं म्हणजे खेळ वाटला का गं तुला?" म्हणत तिने घरातला माहूरच्या रेणुकामातेचा टाक, म्हणजे देवी कोरलेला चांदीचा छोटासा पत्रा, माझ्या पिशवीत कोंबला. वर अट घातली, रोज विडा ठेवायचा. माहूरला देवीला विड्याचा तांबूल लागतो, त्यामुळे त्यात सवलत नाही. मी टाक टेबलावर लँडलाइनच्या शेजारी ठेवला. सकाळी विडा ठेवायचा, नमस्कार करायचा आणि प्रसाद म्हणून तो आपणच खाऊन टाकायचा. एकदा गालात विडा असतानाच फोन वाजला. मी "हाँ जी" म्हटलं, तर तो आवाज माझा नव्हताच! चांगली साठीची, जाडजूड, प्रेमळ बाई बोलली. पलीकडून लगेच, "नमस्ते आंटीजी, आप कौन?" समोर टाक होता, पटकन तोंडातून निघालं, "रेणूजी, बेटा."

झालं, मला फुकटात रिसेप्शनिस्ट मिळाली. मजा म्हणजे मॅडमशी लोक फीबद्दल बोलायचे आणि रेणूजींजवळ रडायचे. सासू काय बोलते, बारशाला बोलावून मागच्या रांगेत कसं बसवतात, सगळं रेणूजींना सांगायचे. रेणूजी फार काही बोलायच्या नाहीत, गालात पान होतं ना! "हाँ बेटा, मैं हूँ," एवढंच म्हणायच्या. दिवाळीला रेणूजींसाठी साडी आली. ती मी नेसले, यार, काय करणार!

त्या वर्षी मीना आमच्याकडे सरोगेट होती. बुलंदशहरची, हसरी, स्वतःची दोन लेकरं असलेली. तिच्या पोटात लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या एका वहिनींचं बाळ होतं. वहिनींचे मिस्टर केंद्र सरकारात. तीन राज्यांत बदल्या झाल्या, प्रत्येक गावात नवा डॉक्टर झाला आणि प्रत्येक गावातून रिकाम्या हाताने निघाले. हे शेवटचं, यानंतर पुन्हा मन घालायचं नाही, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

नवरात्रातल्या अष्टमीला पहाडगंजच्या मराठी शाळेत मंडळाचा दुपारचा कार्यक्रम होता आणि माझी मिमिक्री होती. अष्टमीला दिल्लीत घरोघर कंजक असते, लहान मुलींना देवी मानून पाय धुवायचे, हलवा-पुरी वाढायची. आयाने त्यासाठी सुट्टी मागितली, मी हो म्हटलं. मीनाला आठवा महिना, तब्येत उत्तम. तिला सांगितलं, "जाके आती हूँ, लेटी रहना." घाईघाईत टाकापुढे विडा ठेवला, पण खायचा राहिला. ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि निघाले.

पहिल्या रांगेत वहिनी होत्या. अर्ध्या तासात मी मंडळाच्या सेक्रेटरींपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे उभे केले आणि शेवटी ठेवणीतली रेणूजी काढली. गाल फुगवून म्हटलं, "बोल बेटा, मैं हूँ." वहिनी उडाल्याच. "अगं ए! म्हणजे रेणूजी तू? मी तुला माझ्या डोळ्यांतलं सगळं पाणी ऐकवलं गं, बदमाश!" सगळा हॉल हसला. शेजारच्या काकूंना तर ठसका लागला.

टाळ्या घेऊन खाली उतरले, पर्स उघडली. फोन सायलेंटवर होता. मीनाचे मिस्ड कॉल, खालीवर नुसते मीनाचेच. उलट लावला तर एका अनोळखी बाईने उचलला. "आप मैडम बोल रही हैं? खून बहुत गया है जी। ऑपरेशन में ले गए। आप बस आ जाओ।"

वहिनींना काय सांगितलं ते आठवत नाही. टॅक्सीत त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की बांगडी रुतली. एकदाच विचारलं, "मीना तर वाचेल ना गं?" बाळाचं विचारलं नाही. रस्त्यात लाल चुनऱ्या घेतलेल्या छोट्या मुली हातात हलव्याच्या डिश घेऊन चालल्या होत्या. मी, जिला कोणाचाही आवाज काढता येतो, तिला त्या दिवशी स्वतःचाही काढता येईना. मनातल्या मनात एवढंच म्हणत राहिले, आई, माझ्या हातात आता काही नाही. तू बघ.

हॉस्पिटलच्या बाकावर ती बाई बसली होती. नाव पम्मीजी, राहायला नोएडात. ओढणीला रक्त आणि हाताला हलव्याचं तूप. त्यांनी सांगितलं ते असं. वर्षभरापूर्वी त्यांनी आमच्या ऑफिसला एकदाच फोन केला होता, मुलासाठीच. मन मोकळं केलं, पण यायची हिंमत झाली नाही. आज शेजारच्या मुली कंजकेला बसवल्या होत्या, हलवा वाढत होत्या, तेवढ्यात फोन आला.

"रेणूजी का फोन था। बोलीं, बेटा, मेरी लड़की अकेली है, गाड़ी निकाल। पता भी बताया। मैंने कंजक बैठी छोड़ दी जी, सीधी भागी। वो सीढ़ियों में बैठी मिली, दीवार से लगी हुई।"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू तर माझ्यासमोर स्टेजवर होतीस."

मी पम्मीजींचा फोन मागून घेतला. आलेल्या कॉलमध्ये आमच्या ऑफिसचाच नंबर होता, त्या बंद खोलीतल्या लँडलाइनचा. पर्समध्ये हात घातला, किल्ली हाताला लागली. बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

पम्मीजी आपल्याच नादात म्हणाल्या, "मुँह में पान था उनके। पर बात बिल्कुल साफ़ समझ आ रही थी।"

डॉक्टर बाहेर आल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती, म्हणाल्या. मीना वाचली. मुलगा झाला. अष्टमी होती म्हणून मुलगी झाली असं लिहिलं असतं तर जास्त शोभलं असतं, पण झाला मुलगाच. वहिनी आधी मीनाजवळ गेल्या, तिच्या कपाळावर कपाळ टेकून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, आणि मग बाळाकडे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं. फोन जागच्या जागी होता. टाकापुढची ताटली रिकामी होती. आमच्याकडे उंदीर आहेत, मी स्वतः पाहिलेत. पण ती ताटली बघून मी दारातच खाली बसले.

काही दिवसांनी पम्मीजी बर्फी घेऊन आल्या. "रेणूजी से मिलना है." आता काय सांगणार? खोटं बोलायला मी कधी अडले नव्हते, पण त्या दिवशी खरंही बोलवेना आणि खोटंही. मी त्यांना टेबलाजवळ नेलं आणि टाक दाखवला. "ये हैं जी."

पम्मीजींनी डोक्यावर ओढणी घेतली. अंगठ्याएवढ्या त्या चांदीच्या पत्र्याकडे खूप वेळ बघत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अच्छा... आवाज़ से तो बड़ी लगती थीं।"

त्यानंतर मी रेणूजींचा आवाज काढला नाही. आता कायदा बदललाय, आमचं काम बदललंय, ऑफिसात खरीखुरी माणसं आहेत. विडा मात्र मीच ठेवते, आणि दिवसभर तिथून हलवत नाही. तिचं काम ती बघते, मी माझं बघते, आणि माझ्याच्याने जे होत नाही ते तिच्यापुढे ठेवून घरी जाते. आता झोपही लागते. जुनी माणसं अजूनही कधीकधी फोन करतात, विचारतात, "रेणूजी हैं?"

मी माझ्याच आवाजात सांगते, "हैं जी. अंदर बैठी हैं."