मराठीत सांगितलेला पत्ता

पोलीस कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात बसून मी ठाण्यांतल्या लोकांना माहिती कशी जपायची ते शिकवते. पासवर्ड चिठ्ठीवर लिहू नका, स्क्रीन उघडी टाकून चहाला जाऊ नका, तक्रारदाराचा पत्ता फोनवर सांगू नका. झोपेतून उठवलं तरी न अडखळता म्हणेन. पाळते का, हा वेगळा विषय.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात, एका कापडदुकानात ब्लाउजचं अस्तर घेत होते. ऑफिसातून माझ्या हाताखालच्या मुलीचा फोन आला. ती इथल्याच रांझी भागातली, मराठीच. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघून आलेल्या एका बाईला कोर्टाची नोटीस पोचवायची होती. तिचा नवा पत्ता नवऱ्याला कळू नये म्हणून तो आम्हा चौघांनाच उघडता यायचा.

"ताई, माझं लॉगिन चालून नाही राहिलं. शिपाईबाई निघून राहिल्या. पत्ता सांगा ना लवकर."

"ओरडतेस काहून? सांगते," म्हटलं आणि सांगितला. मराठीत. जबलपूरच्या मराठी माणसाची ही जुनी खोड. कापड महाग वाटलं, मराठीत बोला. समोरच्या बाईची साडी भडक दिसली, मराठीत बोला. एवढं भक्कम कुलूप घरचं असताना पासवर्ड कशाला! दीक्षितपुरा, शिंप्याच्या दुकानावरचा मजला, दुकानाशेजारच्या दारातून वर. सगळं नीट, खणखणीत आवाजात.

शेजारी कापड चाचपणाऱ्या आजींनी माझ्या दंडाला हात लावला.

"तिथून नाही हो बाई, जिना मागून आहे. ती नवीन आलेली मुलगी ना? मी समोरच राहते."

अस्तर तिथेच टाकून मी ऑफिसात परतले आणि साहेबांना स्वतःच सांगितलं.

"मैडम, ट्रेनिंग तो आप ही देती हैं न?"

"जी."

आजी भल्या होत्या. पण दुकानात गर्दी होती आणि अजून कोणाकोणाला मराठी येत होतं, देव जाणे. संध्याकाळच्या आत त्या बाईला दुसरीकडे हलवायचं ठरलं. सामान उचलायला मी गेले. जिना मागूनच होता. तिने नुकतीच लावलेली भांडी परत पोत्यात भरली. मी माफी मागितली.

"दीदी," ती पोत्याचं तोंड बांधत म्हणाली, "अगली बार धीरे बोलिएगा."

पुढची वेळ नको म्हणून पत्ता उघडता येणाऱ्या चौघांच्या यादीतून माझं नाव मीच काढायला लावलं होतं. तिची गाडी निघाली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. ती कुठल्या बाजूला वळली, मला माहीत नाही.