दोन हातांचे फोटो

"आधी चित्र बघ, मग कॅप्शन." माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून शेजारच्या टेबलावरच्या ताई एवढंच म्हणायच्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसायच्या.

उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. परदेशी संशोधन नियतकालिकांचे लेख आम्ही छपाईसाठी तयार करायचो. साध्या मजकुरात चित्राच्या फाइलचं नाव लिहायचं, खाली ठरलेल्या कंसांमध्ये कॅप्शन टाकायची. एक कंस बंद करायचा राहिला तर पुढचं अख्खं पान कॅप्शन होऊन चित्राखाली जाऊन बसायचं. दुपारनंतर चित्रं दिसेनाशी व्हायची, नुसते कंस दिसायचे. तुम्ही असलं काम केलं असेल, तर ते बधिरपण तुम्हाला ठाऊक असेल.

ताई बदलापूर गावातून यायच्या. पन्नाशी उलटलेली, इंग्रजी बेताचं. शब्द अडला की मला विचारायच्या, पण चित्र नीट पाहिल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत.

एकदा त्वचारोगावरचा लेख आला. हातांचे दोन फोटो, उपचारापूर्वीचा आणि नंतरचा. ताईंनी चष्मा काढून चेहरा स्क्रीनजवळ नेला.

"उलटं आहे गं हे. बरा झालेला हात आधीचा म्हणून टाकलाय."

ऑफिस चालवणारे सर म्हणाले, "मॅडम, लेखक ने जो दिया वही डालो. आपण काय डॉक्टर आहे?"

"नाही सर. पण माझे मिस्टर अंबरनाथला केमिकल कंपनीत होते. त्यांच्या असल्याच हातांना मी रोज खोबरेल लावते."

लेख त्याच दिवशी जायचा होता. सर ऐकेनात. तेव्हा ताईंनी माझ्याकडून चार ओळी इंग्रजीत लिहून घेतल्या आणि थेट लेखकाला पाठवल्या. लेख अडला. सरांनी सगळ्यांसमोर त्यांना मेमो दिला. त्यांनी सही केली आणि पुढची फाइल उघडली. इंग्रजी माझं होतं, हे मी बोलले नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी लेखकाचं उत्तर आलं. अदलाबदल झाली होती, आभार. दुरुस्ती मीच केली. मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही.

पुढे कॅप्शन आपोआप लावणारं सॉफ्टवेअर आलं. माणसं कमी करताना मेमोवाल्यांचा नंबर आधी लागला.

ताईंच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनच्या पुलावर चढलो. मी म्हटलं, "ताई, त्या मेलचं मी सांगायला हवं होतं."

"तुला नोकरी हवी होती," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

अर्ध्या पुलावर त्यांनी पिशवी खाली ठेवली. "दमले गं." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. पिशवी घ्यायला मी वाकले, तोवर त्यांनी ती उचललीही होती. कठडा धरून, एकेक पायरी करत त्या खाली उतरल्या.