गार्लंडकाकांचं बटाट्याचं वावर

आमच्या खाडीत गार्लंडकाकांशी वाद घालायला कुणी जात नसे. न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर घर आवडतं पण जागा नडते, तेव्हा आम्ही ते लाकडी घरच बर्फावरून ओढत दुसरीकडे हलवतो. ते काम काकांचं. निम्मा गाव त्यांनी इकडचा तिकडे केलेला, आणि प्रत्येकाला शिव्या घालून.

त्या वर्षी शेजारच्या जागेचा वारस टोरांटोहून उगवला. जमीन विकायची म्हणून त्याने मोजणी केली, तर माझं घर त्याच्या हद्दीत निघालं. आम्ही आपले कुंपणालाच हद्द समजत आलो होतो. खरेदीखतं इथे कोण करत बसतो? कुंपण घातलं, बटाटे लावले, की जागा आपली.

शहरातला वकील म्हणाला, "घाबरू नका बाई. वहिवाट जुनी आहे, हक्क लागेल. फक्त मूळ मालकाच्या परवानगीने वापरलेली जागा कधीच आपली होत नाही. तसं काही नव्हतं ना? कुणी साक्षीदार?"

साक्षीदार एकच जिवंत होता. कुंपण घातलं ते गार्लंडकाकांनीच.

मी मनुकांचा पाव भाजून त्यांच्याकडे गेले. "काका, एवढंच सांगा, माझ्या सासऱ्यांनी कुणाला विचारलं नव्हतं."

"विचारलं होतं, पोरी. माझ्यादेखत. 'बटाट्यापुरतं कुंपण पुढे घेतो' म्हणाला. शेजारी म्हणाला, 'घे.'"

"अहो, दोघंही गेले आता!"

"मी आहे ना अजून."

तोंडाला येईल ते बोलून मी निघाले. पावही उचलून आणला. नवरा दूर बोटीवर, घरात तीन पोरं, आणि हा म्हातारा हरिश्चंद्र! वकिलापुढेही त्यांनी तेच सांगितलं. माझा दावा बुडाला. बर्फ वितळेपर्यंत जागा रिकामी करा, असं त्या वारसाने कळवलं.

पुढच्या रविवारी काका दारात उभे. "तुम्ही तिथे घर बांधत होतात तेव्हाच मी बोलायला हवं होतं. म्हटलं, कोण येतंय मागायला. चुकलंच माझं. पण घर तुझं आहे ना? उचलू."

"आणि ठेवू कुठे, डोक्यावर?"

"माझ्या बटाट्याच्या वावरात. आधी वकिलाकडे चल."

वकिलाने विचारलं, "म्हणजे, राहायची परवानगी देताय?"

काका खवळले. "परवानगीचं नाव काढू नकोस! दिली म्हणजे दिली. बक्षीसपत्र कर. उद्या माझा पोरगा आला तरी हिला हलवता येऊ नये."

मग घट्ट बर्फ बघून सगळा गाव दोर घेऊन आला. काका पुढे उभे राहून गाणं म्हणत, आणि शेवटच्या शब्दाला सगळे मिळून ओढत. "जोर लाव रे! कालचं जेवण काय मांजराने खाल्लं?" घर कुरकुरत निघालं. चूल पेटती ठेवून मी आतच बसले होते, सगळ्यांच्या चहासाठी, आणि रडत होते.

एक खोटं वाक्य बोलून त्यांना फुकटात माझं भलं करता आलं असतं. ते खरं बोलले आणि पदरची जमीन घातली. हे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

घर नव्या जागी टेकल्यावर चहा द्यायला त्यांच्याकडे गेले. खिडकीशी त्यांची खुर्ची होती. खिडकीतून समुद्राच्या जागी माझ्या स्वयंपाकघराची भिंत दिसत होती.

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस का जागा?" ते म्हणाले. "साखर कमी आहे चहात."