गिरवायला दिलेला शब्द

"तू इथं फळ्याजवळ उभी राहा. हे हातात धर."

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या हातात झाडू दिला. समोर मोठ्या शिशूची बावीस पोरं. सगळी माझ्याकडं बघत होती.

जुळे सोलापुरातली खासगी शाळा. मी तिथं सहाय्यक शिक्षिका. डी.एड. झालेली. मुलांचं अक्षर घडवणं हे माझं काम. दर आठवड्याला एक विषय असायचा. बाजार, शेत, स्वयंपाकघर. त्यातले शब्द मी टिंबाटिंबांनी काढून द्यायची, मुलं त्यावरून पेन्सिल फिरवायची. भाज्यांच्या आठवड्यात मी घरून पिशवीभर भाजी नेली होती. भेंडी हातात घेऊन पोरं 'भेंडी' लिहीत होती.

त्या आठवड्याचा विषय होता 'आपले मदतनीस'. सोमवारी एका मुलाचे वडील आले, ते डॉक्टर. मंगळवारी एकीचे काका आले, पोलीस. बुधवारी माझी पाळी. माझी आई रस्ते झाडते. हे मीच बाईंना एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

"बाई, मी शिकवते इथं," मी हळूच म्हणाले.

"तुमच्या घरचंच, तुमच्या जातीचंच काम आहे की. त्यात काय एवढं?"

मी उभी राहिले. सांगायला जड जातं. पण राहिले. नोकरी जाईल म्हणून.

गिरवायच्या कागदावर मी 'सफाई कामगार' लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं. शब्द लांब होतो म्हणाल्या. त्या जागी 'झाडूवाली'. टिंबं माझ्याच हातानं काढून घेतली.

एक मुलगी कागद घेऊन आली. जूनमध्ये तिला पेन्सिल धरता येत नव्हती. चार वेळा 'झाडूवाली'. एकही रेघ टिंबाबाहेर नाही.

"ताई, छान आलं?"

छान आलं होतं. वळण मीच शिकवलेलं. मी त्यावर चांदणी काढली. मग नळाखाली तोंड धरून उभी राहिले.

दुपारी दुसरी तुकडी. बाईंनी पुन्हा झाडू पुढं केला.

"धरणार नाही."

"काय म्हणालीस?"

"डॉक्टर इथं डॉक्टर म्हणून आले. मी शिक्षिका आहे."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी रोज धरते की. तू एक दिस धरला असतास, तर काय बिघडलं असतं?"

तिला वाटलं, मला तिचीच लाज वाटते. बाईंच्या बोलण्यापेक्षा हे खोल गेलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तीन शाळांत जाऊन आले. अनुभवाचं पत्र मागतात. बाई ते देत नाहीत. एका ठिकाणी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?" मी खाली मान घातली. त्यांनी अर्ज परत केला.

आता मान घालणार नाही. विचारलं तर सगळं सांगीन. आईचं काम, बाईंचं बोलणं, सकाळी मी उभी राहिले तेही. नाही घेतलं, तर पुढची शाळा. तिथं नाही, तर त्याच्या पुढची. झाडूची लाज आईला नाही, मलाही नाही. पण माझी जात बघून कुणी तो माझ्या हातात देणार असेल, तर हात पुढं होणार नाही. एक सकाळ तो पुढं झाला. ती शेवटची.