तीन ओळींची जागा

अक्का गेल्याचा निरोप मला कारखान्यात मिळाला. बेंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी मार्किंगच्या टेबलापाशी होतो. लोखंडी प्लेटला निळा रंग लावायचा आणि सुईसारख्या टोकाच्या स्क्रायबरनं त्यावर रेघा मारायच्या, म्हणजे पुढच्या माणसाला कुठं कापायचं ते कळतं, हे माझं काम. सुपरवायझर रंगप्पा ऑफिसातून आला आणि मशीनच्या आवाजात माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "निम्म टीचर होगबिट्रंते." तुमच्या टीचर गेल्या म्हणे. मी हातातली रेघ पुरी केली. हात हलला नाही, रेघ सरळ आली... आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते इतके आठवडे मी कुणाला सांगितलेलं नाही. आधी आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आता मला कुणी विचारणार नाही. दुःख मागून आलं, दुपारी डबा उघडल्यावर.

अक्का म्हणजे सुमित्राबाई राव. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरात. त्या स्वतः कानडी शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. राजाजीनगरात एका राममंदिराच्या मागच्या दालनात दर रविवारी सकाळी त्या मराठीची शाळा भरवायच्या. तिथं येणारी मुलं आठवडाभर इंग्रजी नाहीतर कानडी शाळेत जाणारी, आईबाप कुणी दुकानदार, कुणी सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, आणि माझ्यासारखे एकदोघे तासगावकडून पोटासाठी आलेले. माझी वैशाली सहा वर्षांची होती. गावी गेल्यावर आजीला "बेडा, बेडा" म्हणाली, नको नको म्हणून, आणि आजी माझ्याकडे बघत राहिली. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी तिला घेऊन अक्कांच्या दारात उभा राहिलो. शाळेची पायरी मी कितीतरी वर्षांनी चढत होतो. चपला कुठं काढायच्या इथपासून मला धास्ती. अक्का म्हणाल्या, "या अण्णा, आत या. स्वल्प जागा करून बसा, इथं बाक नाहीत, मोठेपणही नाही." वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण त्या मला शेवटपर्यंत अण्णाच म्हणाल्या.

फी घ्यायच्या ऐवजी त्यांनी माझं अक्षर मागून घेतलं. म्हणजे झालं असं, की नाव लिहून दिलेला कागद त्यांनी दोनदा बघितला आणि विचारलं, "हे असं अक्षर कुठं शिकलात?" मी म्हटलं, लोखंडावर. त्या हसल्या आणि त्या महिन्यापासून मी 'शाळेचं पान' लिहायला लागलो. हे पान दर महिन्याच्या पहिल्या रविवारी निघायचं. एकच फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी. मेण लावलेल्या स्टेन्सिलवर लोखंडी टोकाच्या लेखणीनं लिहायचं, मग ती सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवून हातानं फिरवायचं. आदल्या शनिवारी पहिली पाळी संपली की मी अक्कांच्या घरी जायचो. त्या कॉफी द्यायच्या, पुढ्यात कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, ठेवायच्या आणि बातम्या सांगायच्या. कुणाला वक्तृत्वात बक्षीस, कुणाकडे बाळ, कुणाची पाण्याची बाटली दालनात राहिली, दसऱ्याची सुट्टी कधी, कुणाची बदली के. आर. पुरमला झाल्यामुळं ते आता दोन बस बदलून येणार, त्यांना उशीर झाला तर कुणी हसू नये. एवढ्याच बातम्या. पण त्या वाचायला बाप्ये माणसं मंदिराच्या पायरीवर घोळका करायची.

पानाच्या शेवटी एक चौकट असायची. तिचं नाव 'चुकलेलं'. मागच्या पानात जे चुकीचं छापलं गेलं ते तिथं दुरुस्त व्हायचं. आणि नुसतं छापून भागायचं नाही. ज्याच्याकडून चूक झाली त्यानं रविवारी उभं राहून ती स्वतः वाचायची. मग सगळी मुलं एका आवाजात ओरडायची, "सरी!" ठीक आहे, झालं. ती चूक तिथं संपली, पुन्हा तिच्यावरून कुणी चिडवायचं नाही, असा कायदा. अक्का मात्र मुलांबरोबर म्हणायच्या नाहीत. सगळा गलका शांत झाला, वाचणारा खाली बसायला लागला, की मग त्यांची एकटीची "सरी" यायची, हळू. एकदा एका मुलानं आजोबा वारल्याची बातमी दिली आणि मी ती वर काळी चौकट करून लिहिली. गेला होता आजोबांचा पोपट. पुढच्या पानाच्या रविवारी आजोबा काठी टेकत स्वतः आले, नातवानं घाबरत चूक वाचली, तर सगळ्यांत मोठ्यानं "सरी!" आजोबांनीच म्हटलं. वर मला म्हणाले, "फोटो छापला नाहीत ते बरं केलंत. माझ्याकडं चांगला एकही नाही."

म्हणून स्टेन्सिल पुरी होत आली की अक्का दर वेळी तोच प्रश्न विचारायच्या. "काही राहिलंय का, अण्णा?" आणि 'चुकलेलं'च्या चौकटीत एक ओळ मोकळी सोडायला लावायच्या. "ऐन वेळी कुणाला आठवलं तर? जागा नको का?"

माझी चूक दुसऱ्या वर्षातली. पानात अक्कांनी 'आमची शाळा' असं सदर काढलं. मुलांच्या आईबापांनी आपापल्या शाळेविषयी लिहायचं. इंजिनिअर लोकांनी काय काय लिहिलं... प्रयोगशाळा, स्काउट, बोर्डात नंबर. मग अक्का म्हणाल्या, "आता तुमची पाळी." मी महिनाभर टाळलं. खरं म्हणजे मी सातवीनंतर शाळा सोडली. वडील अंथरुणाला खिळले आणि मी लाकडाच्या वखारीत लागलो, एवढीच माझी शाळा. ते लिहायला लाज नव्हती असं आज म्हणणं सोपं आहे. त्या शनिवारी अक्का स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या, समोर कोरी स्टेन्सिल होती आणि माझा हात चालत गेला. आमच्या गावच्या हायस्कुलात मी दहावी पहिल्या वर्गात पास झालो, आणि हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या खिशातलं पेन काढून मला दिलं. पेनाची गोष्ट खरी होती. फक्त ते पेन माझ्या चुलतभावाला मिळालं होतं, शेजारच्या गावच्या शाळेत. मी कुंपणाबाहेर सायकल धरून उभा होतो, त्याला घरी न्यायला आलो होतो.

स्टेन्सिलवर चूक झाली की तिच्यावर लावायला एक गुलाबी औषध असतं, नेलपॉलिशच्या वासाचं. ते लावायचं, फुंकर घालून वाळवायचं आणि वरून नीट लिहायचं. ती बाटली माझ्या कोपरापाशीच होती. अक्का कॉफी घेऊन आल्या, वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

रविवारी वैशालीनं ते उभं राहून वाचलं. त्या दिवसापासून मी तिच्या मैत्रिणींत फर्स्ट क्लासवाले पप्पा झालो. मला वाटलं, कुणाचं काय नुकसान झालं? पण पुढं गावाकडचे माने म्हणून एक जण बदलीवर आले, मुलाला शाळेत घालायला. अक्कांच्या समोरच मला म्हणाले, "तुमच्या गावात हायस्कूल कुठलं हो? तिकडची पोरं सातवीपुढं आमच्याकडंच यायची की!" मी म्हटलं, "मध्यंतरी निघालं होतं... मग बंद पडलं." माने बघतच राहिले. अक्का म्हणाल्या, "माने, कॉफी निवते तुमची." विषय संपला. पण त्या शनिवारी स्टेन्सिलवर 'चुकलेलं'पाशी आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "यापुढं इथं तीन ओळी सोडा, अण्णा." मी विचारलं, कशाला एवढ्या? "असू देत. जागा असली की माणसाला धीर येतो."

तेव्हाच मला कळलं की त्यांना कळलंय. आणि तरी मी काय केलं? ती मोकळी जागा मला बघवेना, म्हणून मी तिथं वेल काढायला लागलो. दर महिन्याला वेगळी, पानं, कळ्या, नागमोडी देठ. मुलांना फार आवडायची. कुणी वहीत तशी उतरवून घ्यायचं. "काही राहिलंय का, अण्णा?" नाही अक्का. आणि मी वेल काढायचो. त्या कधी रागावल्या नाहीत. कधी आडून टोमणा नाही, मान्यांचं नाव नाही. चारचौघांत माझं कौतुक करायच्या ते अक्षराचं, माझ्या शिक्षणाचा उल्लेख त्यांनी पुन्हा एकदाही केला नाही. हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

नुकसान कुणाचं झालं ते वैशाली आठवीत गेल्यावर दिसलं. गणितात ती नापास होऊ लागली. प्रगतिपुस्तक आईला दाखवून सही घ्यायची, माझ्यापासून लपवायची. एकदा मी पकडलं तर म्हणाली, "तुमच्यासारखं सगळ्यांना नाही जमत, पप्पा. मला शाळेतून काढा." मी अक्कांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला तुमचं सांगा. खरं खरं सांगा. तुम्हाला काय काय जमलं नाही, ते सांगा." मी घरी आलो, पोरगी पुस्तक उघडून बसली होती... आणि मी म्हटलं, "मनावर घेतलं की सगळं येतं." तिनं पुस्तक मिटलं. त्यानंतर ती माझ्याशी अभ्यासाचं बोललीच नाही.

शेवटची भेट इस्पितळात झाली. अक्कांना उठवत नव्हतं, पण पान चुकू द्यायचं नाही, म्हणून मी स्टेन्सिल घेऊन गेलो. स्टेन्सिल उजेडापुढं धरली की वाचता येते. मी खिडकीपाशी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि त्या पलंगावरून वाचत गेल्या. खाली आल्यावर थांबल्या. तीन ओळींची जागा त्या दिवशी कोरी होती, वेल मी घरी जाऊन काढणार होतो.

"काही राहिलंय का, अण्णा?"

वॉर्डात त्या वेळी दुसरं कुणी जागं नव्हतं. नर्सही नव्हती. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "नाही अक्का. सगळं आलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरी." मग डोळे मिटून घेतले. ज्यानं चूक वाचली त्यालाच ती मिळायची, असा त्यांचाच कायदा. मी ती 'सरी' काही न वाचता घेऊन आलो. चोरून आणल्यासारखी. चौथ्या दिवशी रंगप्पा माझ्या कानाशी वाकला.

पुढचं पान मलाच लिहावं लागलं. पहिली बातमी अक्का गेल्याची. आजोबांच्या वेळी केली होती तशीच काळी चौकट केली, या वेळी चूक नव्हती. शनिवारी त्यांच्या घरी त्यांची भावजय कॉफी ठेवून गेली. मी खालपर्यंत आलो. कुणी विचारलं नाही. मग लेखणी उचलली आणि चौकटीत लिहिलं. "'आमची शाळा' या सदरात मी दहावी पहिल्या वर्गात पास झाल्याचे लिहिले होते. ते खोटे आहे. मी सातवीनंतर शाळा सोडली. ते पेन माझ्या चुलतभावाला मिळाले होते." बरोबर तीन ओळी झाल्या. त्यांनी किती मोजून जागा ठेवली होती...

रविवारी उभा राहिलो. माने समोर बसले होते, इंजिनिअर मंडळी होती, वैशाली दुसऱ्या रांगेत. मी वाचून संपवलं. मोठ्या माणसानं एवढी मोठी चूक वाचलेली मुलांनी कधी पाहिली नव्हती. मग पोपटवाल्या आजोबांचा नातू, आता मिसरूड फुटलेला, त्यानं सुरुवात केली आणि सगळे ओरडले, "सरी!" वैशाली ओरडली नाही. तिची मान खाली होती. गलका शांत झाला. मी उभाच राहिलो, कारण अजून एक यायची होती, मागून येणारी, हळू आवाजातली. बसतो कसा? शेवटी वैशालीच उठून आली, माझी बाही ओढली आणि म्हणाली, "बसा ना, पप्पा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. यशवंतपूर मागं पडलं. मग हातातलं पान उलटून बघत म्हणाली, "या वेळी वेल नाही काढलीत." मी म्हटलं, "जागाच उरली नाही." तिनं पानाची घडी घातली. पुढच्या स्टॉपला विचारलं, "सातवीपर्यंत गणित यायचं तुम्हाला?" मी म्हटलं, "अपूर्णांकांपर्यंत. पुढं कुणी विचारलं तर मी मास्तरांच्या मागच्या भिंतीकडं बघायचो." ती हसली की नाही, मला दिसलं नाही. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं. पण त्या आठवड्यात प्रगतिपुस्तक माझ्या डब्याशेजारी ठेवलेलं होतं.

पान अजून निघतं. कुणी म्हणतात आता संगणकावर करू, सुबक होईल. होईलही. मी मात्र कालच नवी स्टेन्सिल लावली, बातम्या लिहिल्या, आणि खाली तीन ओळी मोकळ्या सोडल्या. वेल नाही काढली. मग अक्कांच्या त्या रिकाम्या खोलीत मीच विचारलं, मोठ्यानं, काही राहिलंय का... आणि कॉफी निवेपर्यंत बसून राहिलो.